मोजणीगुरुजी

कुणाच्या घरात काय शिजतंय हे आमच्या तालुक्याच्या गावात दोघांना पक्कं ठाऊक असतं. एक गॅसच्या गाडीवरचा पोऱ्या, दुसरे गुरुजी. पोऱ्या न विचारता सांगतो, त्यामुळे त्याच्या माहितीला किंमत नाही. गुरुजी विचारूनही सांगत नाहीत, त्यामुळे सगळा गाव त्यांच्या मागे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. वर्गात त्यांनी काय शिकवलं ते आम्हा विद्यार्थ्यांना आता धड आठवत नाही, पण जनगणना म्हटलं की गुरुजी. १९८१, १९९१, २००१ आणि २०११ अशा चार मोजण्या त्यांच्या हातून झाल्या. नेमणुकीचा आदेश शाळेत यायचा त्या दिवशी निम्म्या स्टाफची कंबर धरायची. कुणाची सासू अत्यवस्थ व्हायची, कुणाला एकाएकी जवळचं दिसेनासं व्हायचं. गुरुजी मात्र आदेश निघायच्या आधीच तहसील कचेरीत चकरा मारून, यंदा आपल्याकडे कुठला भाग, ते विचारून यायचे. निवडणुकीच्या ड्यूटीत त्यांना रस नव्हता. "तिथं माणूस मनातलं पेटीत टाकून निघून जातो. आपण नुसती बोटाला शाई लावायची. इथं समोर बसून सांगतो," असं त्यांचं म्हणणं.

असा एक गुरुजी गावोगाव असतो. २०११ ला देशभरात सुमारे २७ लाख माणसं या कामाला जुंपली होती, आणि त्यांत शाळामास्तरांचा भरणा मोठा होता. बहुतेकांनी काम उरकलं. थोड्यांना त्याचं व्यसन लागलं. आमचे गुरुजी त्या थोड्यांतले.

१९८० साली मोजणीच्या आधीची घरयादी झाली तेव्हा गेरूचा डबा धरायला मी होतो. दारावर घरक्रमांक घालायचा हे काम गुरुजींच्या मते फार नाजूक, कारण ज्या घराला कालच चुना दिलाय नेमकं त्याच घराची भिंत क्रमांकासाठी मोकळी असते. बायका कुंचला पाहूनच ओरडायच्या. गुरुजी शांतपणे म्हणायचे, "वहिनी, नंबर नाही घातला तर तुमचं घर देशात धरणार नाहीत." यावर आजवर एकाही वहिनीनं देशाबाहेर राहणं पत्करलेलं नाही.

२००१ ला फॉर्म यंत्र वाचणार असं प्रशिक्षणात सांगितलं. अंक चौकटीच्या आत हवा, रेघेला टेकता कामा नये, कागदाला घडी नको, डाग नको. त्या वर्षी गुरुजींच्या हातातला पॅड कायम छातीच्या उंचीवर. चहाचा कप घेऊन आलेल्या बाईला ते दुरूनच हात करून थांबवायचे, "तिथंच थांबा! यंत्र आहे!" बाई बिचारी यंत्र शोधत राहायची. खाली सही झाली, फॉर्म बॅगेत गेला, बॅगेची चेन लागली, की मग चहा. तोवर त्यावर साय धरलेली असायची, पण गुरुजींनी सायीचा चहा देशासाठी गोड मानून घेतला.

मूळचा माणूस बडबडा. पारावर असोत, सलूनमध्ये असोत, विषय कुणाचाही निघो, गुरुजींपाशी त्याची पुढची ओळ असायची. पण जनगणना कायद्याचं कलम १५ आलं आणि त्यांच्या जिभेवर बसलं. १९४८ च्या या कायद्याप्रमाणे घरोघरी भरलेली माहिती कुणाला पाहता येत नाही, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. जे न्यायाधीशाला मिळत नाही ते समोरच्या काकूंना कुठून मिळणार? गुरुजी ताकास तूर लागू देत नसत. घरच्या आघाडीवरही तेच.

"काय हो, त्या नव्या बंगल्यात फ्रिज आहे का?" बाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, विचारलं.

"तो रकाना नव्हता."

हे खरं होतं. २००१ च्या घरयादीत सरकारनं रेडिओ विचारला, टीव्ही विचारला, टेलिफोन, सायकल, स्कूटर, मोटार विचारली, बँकेत खातं आहे का तेही विचारलं, फ्रिज काही विचारला नाही.

"बरं, मोटार आहे का?"

"कलम पंधरा."

बाईंनी ओळखलं, मोटार आहे. नसती तर नाही म्हणायला कलम कशाला लागलं असतं? हा शोध दोन दिवसांत आळीत पसरला. गुरुजी 'रकाना नव्हता' म्हणाले तर विषय संपला. 'कलम पंधरा' म्हणाले तर त्यात काहीतरी आहे. लोक मुद्दाम भलभलतं विचारायला लागले आणि कलमावर कान ठेवून बसायला लागले. आपलं मौन गावाला वाचता येतं हे गुरुजींच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी सरसकट सगळ्यालाच कलम पंधरा लावलं. त्या आठवड्यात एकानं "गुरुजी, किती वाजले?" म्हणून विचारलं, त्यालाही तेच उत्तर मिळालं म्हणतात.

मुलीचे बाप तर फार यायचे. स्थळ अमक्यांचं आहे, घर कसं आहे, सांगा ना, आपल्या लेकीसारखी आहे. गुरुजी गहिवरायचे आणि टक्केवारीत बोलायचे. "हे बघा, देशात २०११ ला शंभरातल्या साडेअठ्ठावीस घरांत स्वयंपाक गॅसवर होतो. सुमारे निम्म्या घरांत अजून सरपण आहे. आता तुम्हीच काय ते समजा." बाप बोटं मोडत, हिशेब करत परत जायचा. बहुतेक लग्नं ठरायची. गुरुजींनी वाईट काही सांगितलं नाही एवढ्यावरच.

आता मुद्द्याचं. सरकारच्या लेखी कुटुंब कशाला म्हणतात? आपण म्हणू, रक्ताचं नातं. सरकार म्हणतं, तसं काही नाही. आपण म्हणू, एक आडनाव, एक छप्पर. तेही नाही. जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते कुटुंब. कामाधंद्यापायी कुणाला बाहेर जेवावं लागलं तर तेवढं माफ. परकी माणसं एका चुलीवर आली तरी एक कुटुंब, सख्खे भाऊ दोन चुलींवर गेले तर दोन. गुरुजींना ही व्याख्या पुस्तिकेतल्या शब्दांसकट पाठ होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. सगळ्या वाटण्या, खटले, अबोले या एका वाक्यात मावतात, असं ते म्हणत.

मावत नाहीत ते कुठं, हे १९९१ ला एका वाड्यात दिसलं. हा प्रसंग गुरुजींनी सांगितलेला नाही, कलम पंधरा. वाड्यातल्या धाकट्या सुनेनंच तो साऱ्या आळीत सांगितला.

वाड्यात म्हातारी सासू, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. सासूबाई ओसरीवर पाटावर बसल्या, गुरुजी सतरंजीवर. "लिहा. एकच कुटुंब. आमच्याकडे सगळे एकत्र. आमच्या सासऱ्यांपासून या वाड्यात चूल एकच." गुरुजींनी पेन टेकवलं आणि तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. गुरुजी लिहू लागले. मग दुसरी शिट्टी झाली, पण ती परसाकडून. दोन कुकर, दोन दिशा. गुरुजींनी पेन उचललं.

"आक्का, तो मागं कुकर कुणाचा?"

"तो होय? थोरलीला सकाळी लवकर लागतो. तिच्या पोराची शाळा असते ना."

"डाळ-तांदूळ कुठल्या डब्यातले?"

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. धाकटी सून दाराआडून म्हणाली, "त्यांचे त्यांच्या." थोरलीनं आतूनच जाहीर केलं की पीठ मात्र एकाच गिरणीतून येतं. धाकटा म्हणाला, भाजी कधी कधी इकडची तिकडे जाते. गुरुजींनी खुलासा केला की भाजीनं कुटुंब ठरत नाही.

म्हातारीला काय चाललंय ते आता कळलं. पोरांनी परसातल्या खोलीत शेगडी मांडली त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि 'पोराच्या शाळेसाठी' या दोन शब्दांवर ते दीड वर्ष सगळ्यांनी मिळून काढलं होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं, दूधवाला दोन मापं घालत होता. फक्त कागदावर आलं नव्हतं. गुरुजींनी बॅगेतून दुसरा फॉर्म काढला, तशी म्हातारी म्हणाली, "हा कशाला?"

यावर काय उत्तर द्यायचं ते पुस्तिकेत नव्हतं.

गुरुजींनी थोरल्याला विचारलं, "तू जेवतोस कुठं?" थोरला दोघींकडे बघून म्हणाला, "दोन्हीकडे." सकाळी बायकोच्या हातचं, रात्री आईच्या हातचं. आईला वाटतं तो एकदाच जेवतो, बायकोलाही तसंच वाटतं. त्याचं पोट पाहून गुरुजींना शंका आलीच होती. आता माणूस एक आणि चुली दोन. त्याला दोन्हीकडे धरावा तर देशाची लोकसंख्या एकानं वाढते. धाकटी सांगते, गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच लिहून व्हायच्या आधी चहा मागितला. दोन्ही चुलींवरून एकेक कप आला. गुरुजी दोन्ही प्याले. मग सावकाश दोन फॉर्म भरले, थोरल्याला बायकोकडे घातला, आणि आक्कांना म्हणाले, "तुमचा वाडा एकच आहे आक्का. इमारतीचा रकाना वेगळा असतो. तिथं एकच लिहिलंय." म्हातारीनं तो रकाना नातवाकडून दोनदा वाचून घेतला म्हणे.

वयाचं प्रकरण त्यामानानं सोपं, पण गुरुजींना शून्याचा आणि पाचाचा मनस्वी तिटकारा. आपल्याकडे माणसं वाढदिवसागणिक वाढत नाहीत, पाच-पाच वर्षांच्या उड्या मारतात. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. जनगणनेच्या वयांच्या तक्त्यात या आकड्यांवर टेंगळं येतात आणि तज्ज्ञ मंडळी ती सूत्रं लावून सपाट करतात. गुरुजींना ही सपाटी स्वतःच्या कामावरचा ठपका वाटायची. १९८१ च्या फेब्रुवारीत मी त्यांच्या बॅगेमागे हिंडत होतो. एक गडी म्हणाला, "लिवा पंचवीस."

"भूकंपाच्या पहाटे काय करत होतास?" म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. आमच्या भागात ती पहाट कुणी विसरत नाही.

"निजलो व्हतो की. आन् मग पळालो."

"शाळा कितवी?"

"चौथी."

"एखादं वर्ष गटांगळी?"

"न्हाय."

"तेवीस," गुरुजींनी लिहिलं. गड्याला दोन वर्षं फुकट मिळाली. पलीकडे त्याची आजी बसली होती. ती इन्फ्लुएंझाच्या साथीत, म्हणजे १९१८ ला, पाळण्यात होती. त्रेसष्टच्या आसपास भरली. तिला ते पसंत पडलं नाही. तिची सत्तरीची तयारी झाली होती.

तीच आजी नवऱ्याचं नाव सांगेना. शंकराच्या डोक्यावर असतो तो, आणि पुढं कांत. बघ्यांनी चंद्रकांत, शशिकांत असे तर्क सुरू केले. गुरुजींनी हात वर केला. "आजी, सांगू नका. कायदाच तसा आहे. बाई नवऱ्याचं नाव सांगायला बांधील नाही, वारलेल्या नवऱ्याचंही नाही. रिवाजाप्रमाणं जे नाव घ्यायचं नाही ते मागायचा सरकारला हक्क नाही." ही थाप नव्हे. जनगणना कायद्याच्या कलम ८ मध्ये हे खरोखर लिहिलेलं आहे. पुरुषालाही घरातल्या बाईचं नाव सांगण्याची सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांनी आमची आजी पाहिलेली असावी. आजी मात्र भडकली. "म्हंजी माझ्या दादल्याचं नाव घ्यायचं का न्हाय ते दिल्लीवाला सांगणार?" आणि जन्मात पहिल्यांदा तिनं ते खणखणीत आवाजात घेतलं. चंद्रकांत.

रकाने दर दहा वर्षांनी बदलत गेले, आणि गुरुजींना तेच वाचायला आवडे. १९८१ ला संडास आहे का हा प्रश्न फक्त शहरी भागासाठी होता. आमचं गाव नगरपालिकेचं, त्यामुळे इथं विचारायचा, पूल ओलांडून वाडीत गेलं की विचारायचा नाही. "पलीकडची माणसं कुठं बसतात ते सरकारला पुलावरून दिसत असेल," गुरुजी म्हणाले. १९९१ ला तो प्रश्न पुलापलीकडे गेला आणि सोबत नवा आला, स्वयंपाकाला मुख्यतः काय जाळता? त्या काळात गॅस मिळणं ही प्रतिष्ठा. एका घरात ओट्यावर शेगडी, शेजारी सिलिंडर, सिलिंडरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलदाणी. "गॅस लिहा," घरधनी म्हणाले. गुरुजींनी मान वर करून आढ्याकडे पाहिलं. वाशांवर बोटभर काजळी. रुमालाला हळदीचा एक डाग नाही. 'मुख्यतः' या शब्दाखाली गुरुजींनी बोट ठेवलं आणि लाकूड लिहिलं. त्या घरानं पुढं वर्षभर त्यांना नमस्कार केला नाही.

२००१ च्या घरयादीत गावात दोन पंथ पडले. पिवळ्या रेशनकार्डवाले टीव्ही लपवायचे. एकीकडे त्यावर चादर, चादरीवर देवाचा फोटो, फोटोपुढं उदबत्ती, आणि देवाच्या आतून मालिकेतली सासू बोलते आहे. नव्यानं पैसा झालेले लोक मात्र नसलेली स्कूटर सांगायचे, मेहुण्याची. गुरुजी दोघांनाही ओळखून होते. २०११ ला मोबाइल आणि कॉम्प्युटर यादीत आले. निकाल लागले तेव्हा रेडिओ असलेली घरं ३५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरली होती आणि टीव्ही ३१.६ वरून ४७.२ वर चढला होता. गुरुजींना सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा तो शेवटचा रकाना, 'यांपैकी काही नाही'. रेडिओ नाही, फोन नाही, सायकलसुद्धा नाही. २०११ ला अशी १७.८ टक्के घरं निघाली. हा आकडा ते दोनदा म्हणत आणि पुढं काही बोलत नसत.

खोल्यांचा हिशेबही गमतीचा. खोली म्हणजे ज्यात माणूस झोपू शकेल ती: लांबी निदान २ मीटर, रुंदी दीड, उंची २. माळ्याला खोली म्हणायचं का, यावर एका घरी बाप-लेकांत जुंपली, तेव्हा गुरुजी शिडीनं वर चढले आणि आडवे झाले. झोपता आलं. उठताना डोकं आपटलं. माळा बाद. त्याच पानावर विवाहित जोडपी किती, हाही प्रश्न. जोडपी तीन आणि खोल्या दोन असं भरताना गुरुजी मान खाली घालायचे, घरातली मंडळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची.

घरात बायकांना "काही काम करता का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "न्हाय, घरीच असते." हे सांगणारीचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. १९९१ पासून प्रश्नातच घातलं गेलं की शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणं हेही काम धरायचं. गुरुजींनी ते फार मनावर घेतलं. "भांगलायला कोण जातं? गोठ्यात पहाटे कोण उठतं? दुकानात दुपारी कोण बसतं?" नवरे अस्वस्थ व्हायचे. अशा कितीतरी बायका गुरुजींनी रिकाम्या रकान्यातून उचलून काम करणाऱ्यांत नेऊन बसवल्या, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

२०११ ला गुरुजींची स्वतःची गल्ली दुसऱ्या शाळेतल्या एका तरुण बाईंकडे होती. त्या आल्या तेव्हा गुरुजी पेठेत दुसऱ्यांची घरं मोजत होते. संध्याकाळी हातपाय धुता धुता त्यांनी पत्नीला विचारलं, "कामाच्या रकान्यात काय सांगितलंस?"

"काही नाही म्हटलं. घरीच असते."

गुरुजींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाई कित्येक वर्षं डबे करत होत्या. बँकेतले दोन, कॉलेजातले तीन, एक तलाठी. पहाटे साडेचारला उठून पोळ्या. त्याच पैशांवर मुलाचं डिप्लोमाचं शिक्षण झालं होतं. "अगं, डबे!"

"तुम्हीच सगळ्यांना सांगता की, आमची मंडळी घरीच असतात. मी म्हटलं, तुमच्या सरकारी कामात दोन तोंडांनी दोन गोष्टी नकोत."

म्हणजे त्यांच्या नावापुढं 'घरकाम' पडलं. १ ते ५ मार्च ही फेरतपासणीची फेरी असते. गुरुजी १ तारखेला सकाळीच त्या तरुण बाईंच्या दारात. त्यांनी नम्रपणे पुस्तिका दाखवली, "गुरुजी, या फेरीत मधल्या काळातले जन्म, मृत्यू आणि नव्यानं आलेली माणसं. काकू नव्यानं जन्मल्या नाहीत ना?" पुस्तिकेपुढं गुरुजींचं काही चालेना. शेजारची सून, नणंद, भावजय, सगळ्यांना कामाला लावणारा माणूस, आणि १२१ कोटींच्या त्या आकड्यात त्यांची स्वतःची बायको रिकामी बसलेली आहे. हे मला बाईंनीच सांगितलं, डब्याला झाकण लावता लावता.

बँकेतल्या त्या दोघांच्या घरी ओटा होता, पण चूल कधी पेटली नाही. अशांसाठी 'स्वयंपाक करत नाही' असाही एक पर्याय असतो. याउलट २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी असते. त्या रात्री टॉर्च घेऊन गुरुजी एसटी स्टँडमागं गेले. तिथं पाटे-वरवंटे घडवणारं एक कुटुंब उघड्यावर होतं. तीन दगड, त्यावर पातेलं, भोवती पाच माणसं. रात्रपाळीचा चहावाला सांगतो, त्यातल्या बाईनं विचारलं, "घर न्हाय तर मोजता कशाला?" गुरुजी म्हणाले, "चूल आहे ना तुमची? मग तुम्ही कुटुंब." आणि वाकून त्यांनी पातेल्यात काय आहे ते पाहिलं. तो रकाना नव्हता. सवय.

गुरुजी निवृत्त झाले आणि पुढची मोजणी २०२१ ला यायची ती आलीच नाही. जानेवारी २०२० मध्ये घरयादीचे ३१ प्रश्न जाहीर झाले, गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतले, आणि मार्चमध्ये करोना. आता १ मार्च २०२७ ही तारीख पडलीय. मोबाइलवर ॲप, आणि ज्याला हवं त्याला स्वतःच स्वतःची माहिती भरायची सोय. शिवाय या वेळी सगळ्यांची जात विचारणार, जिचे सरसकट आकडे १९३१ नंतर जनगणनेत निघाले नव्हते. जातीचं गुरुजींना काही वाटलं नाही. "रकाना नव्हता तेव्हाही लोक आधी तेच सांगायचे," ते म्हणाले. पण स्वतःचं स्वतः भरायचं हे ऐकून ते खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे वय ज्याचं त्यानं घालायचं? अख्खा देश पस्तिशीचा होईल!"

गेल्या महिन्यात मुलगा पुण्याहून आला होता. सहज म्हणाला, "बाबा, आपलं घर मी फोनवरून भरून टाकतो."

"आपलं? तू जेवतोस कुठं?"

"पुण्यात."

"मग तुझी चूल पुण्यात. इथं तू पाहुणा. सणाला जेवून गेल्यानं कुणी कुटुंबात धरत नसतात."

मुलगा आईकडे बघायला लागला. गुरुजींनी वही काढली आणि कच्चा फॉर्म पेन्सिलीनं भरायला घेतला. पहिल्याच पानावर बायकोचं काम, डबे पुरवण्याचा धंदा, असं ठसठशीत लिहून अधोरेखित केलं. पुढं २०२० च्या यादीतला एक नवा प्रश्न आला, घरात मुख्यतः कोणतं धान्य खातात? इथं गाडी अडली. गुरुजींना रोज पोळी लागते, बाई दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खातात. डब्यांची कणीक धरायची का नाही, तो आणखी वेगळा वाद. आणि उत्तर एकच हवं.

"अगं, गहू घालू का ज्वारी?" त्यांनी आत आवाज दिला.

आतून लाटण्याचा आवाज थांबला नाही. "कलम पंधरा घाला."